साहेबांना कोण रागावणार?

सहदेवमास्तर रागावायला लागले, की मानपाड्याच्या देवळामागच्या त्या हॉलबाहेर माणसं थांबत. हातात भाजीची पिशवी, घरी आमटीला उशीर, तरी थांबत. आवाज असा, की माइक पुढे ठेवला असता तर तोच बिचारा लाजून बंद पडला असता. एरवी मास्तर बोलायचे ते आपलं सगळ्यांसारखं, इकडचं मराठी. पण राग आला की कणकवलीकडचं त्यांचं गाव थेट जिभेवर उतरायचं.

"मेल्या संदेश, खंय धावतंस? मागे वाघ लागलो काय?"

"अगे सान्वी, पखवाज आसा तो, शेजाऱ्याचा दार न्हय! ठोकू नको. भितुर कोण नाय!"

संदेश चाळिशीचा, एमआयडीसीतल्या कंपनीत पाळीला जाणारा, दोन मुलांचा बाप. सान्वी चौथीतली. ओरडा मात्र दोघांना सारखाच, त्यात लहानमोठं काही नाही. आणि गंमत अशी, की ओरडा खाल्लेलं माणूस खाली मान घालून हसत असायचं. सान्वी तर घ्यायला आलेल्या आईला बोटांवर मोजून सांगायची, "आज मला चारदा!" जशी काही चार बक्षिसंच मिळाली.

त्या हॉलमध्ये एकच विद्यार्थी असा होता, ज्याला दीड वर्षात एकदाही ओरडा मिळाला नव्हता. त्याचं नाव सुधीर आगाशे, वय वर्षं अडुसष्ट, राहणार डोंबिवली पूर्व. आणि दर रविवारी घरी जाताना या माणसाचं तोंड उतरलेलं असायचं.

त्याचं असं झालं होतं. सुधीरराव कल्याणच्या एका सरकारी कचेरीत अधिकारी होते आणि सहदेव घाडीगावकर त्याच कचेरीत शिपाई. केबिनबाहेरच्या स्टुलावर बसायचे, घंटी वाजली की आत यायचे. अंगाने किरकोळ, चालताना पावलांचा आवाज नाही. असा हा माणूस एका वर्षी कचेरीच्या सत्यनारायणाला पखवाज घेऊन बसला. डाव्या तोंडाला कणीक थापली, दोनदा बोटांनी चाचपली आणि पहिली थाप मारली. सुधीररावांच्या टेबलावरच्या काचेखाली कंप गेला. त्यांच्या छातीत तर तो पुढे कित्येक वर्षं राहिला. ताल कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नव्हतं. आगाश्यांच्या घरात वाजायची ती फक्त शिट्टी, कुकरची. पण निवृत्त झाल्यावर हे शिकायचं, आणि याच माणसाकडून, असं त्यांनी मनात धरलं. निवृत्तीनंतर मुलीचं लग्न, स्वतःची बायपास, असं करता करता आठ वर्षं गेली. मग एका रविवारी नारळ आणि पेढे घेऊन ते मानपाड्याला पोचले.

त्यांना दारात बघून मास्तर उठून उभे राहिले. मास्तर उठले म्हणून अख्खा क्लास उठला. सुधीरराव पाया पडायला वाकले, तर मास्तर टुणकन मागे सरले.

"साहेब, साहेब! काय करताय? पाप लागेल मला!"

"अहो, आजपासून तुम्ही माझे गुरू."

"ते असूदे. नारळ हातात द्या."

तेव्हा गुरुदक्षिणेचा नारळ पायांशी न जाता हातातल्या हातात गेला, आणि तिथेच सगळं बिनसलं.

क्लासची रीत ठरलेली होती. आधी येईल त्याने हॉल झाडायचा, सतरंजी घालायची आणि कणीक मळायची. कणीक सैल झाली तर पखवाजाचं डावं तोंड सर्दी झाल्यासारखं बोलतं, घट्ट झाली तर खोकतं. मास्तर म्हणायचे, ज्याला कणीक समजली त्याला अर्धा पखवाज समजला. पण सुधीररावांनी परातीला हात लावला की मास्तर डोळ्यांनी संदेशला खूण करत आणि संदेश परात ओढून घेई. त्यांचा पखवाज तयार करून समोर यायचा. पाठीला लोड. मध्ये चहा, तो फक्त त्यांना, बशीसकट. आणि वाजवून झालं की मास्तरांचं ठरलेलं, शुद्ध, धुतल्यासारखं वाक्य: "छान साहेब. जरा सावकाश घेतलंत तर अजून छान."

पहिले सहा महिने सुधीररावांना वाटलं, आपल्याला खरंच येतंय. पुढे बाकीच्यांना मिळणारे ओरडे ऐकून शंका यायला लागली.

या वर्षीच्या गुरुपौर्णिमेला उरलासुरला भ्रम फिटला. हॉलमध्ये छोटा कार्यक्रम होता. मारुतीबुवा म्हणून मास्तरांचे जुने स्नेही गायला आले होते, आणि एका अभंगाला साथ होती सुधीर आगाशे यांची. नवा झब्बा, समोर पहिल्या रांगेत बायको हेमाताई. अभंग झाला, टाळ्या पडल्या, मास्तर म्हणाले, "छान साहेब." सुधीरराव रिक्षात बसले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर अजून फुटलाइटचा उजेड होता.

हेमाताईंनी तो मानपाडा रोडच्या सिग्नलपर्यंत टिकू दिला. त्या पंचवीस वर्षं बायकांच्या भजनी मंडळात टाळ धरून बसलेल्या. मग म्हणाल्या, "अहो, एक सांगू? रागावू नका."

"बोल."

"ते गाणं तुमच्या मागे धावत होतं. मारुतीबुवांना शेवटी शेवटी धाप लागलेली."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही पळत होतात आणि तुम्हाला सांभाळायला सगळे पळाले. टाळवाल्यांनी तर हातच टेकले. संदेश खाली बघत होता, बघितलंत ना?"

"पण मास्तर छान म्हणाले."

"ते तुम्ही पेन उघडलंत तरी छान म्हणतील. त्या सान्वीला बघा किती झाडतात. आणि बघा कशी वाजवते पोर."

सुधीरराव घरी येऊन झब्बा न काढताच बसून राहिले. आयुष्यभर त्यांना लोक 'हो साहेब' म्हणाले, त्याचं त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. पण बायपासनंतर डॉक्टरांनी हातात दिलेली ही उरलेली वर्षं, त्यातली एकच गोष्ट स्वतःसाठी मागितलेली, आणि तीही खोटी? गुरू मिळाला असं ते दीड वर्ष धरून चालले होते. खरं तर अजून एक शिपाईच मिळाला होता, अदबीने उभा असलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तडक दिव्याला मास्तरांच्या घरी गेले. मास्तरांना समोर बसवून सांगायचं ठरवलं होतं, की बाबा रे, मला झाड, ओरड, काठी मार.

चार मजले चढून गेले तर मास्तर घरी नव्हते. खाली पाण्याचा टँकर आला होता, तिथे कॅन घेऊन रांगेत उभे होते. त्यांची बायको नंदा हिने साहेबांना बघून पदर सावरला, एकुलती एक खुर्ची पुसली, चहा ठेवला. भिंतीवर गणपतीशेजारी एका वृद्ध माणसाचा फोटो, त्याला ताजा हार. फेट्याखाली तापट डोळे.

"हे भिवाबुवा," नंदा म्हणाली. "ह्यांचे गुरू. गावचे. सहाव्या वर्षापासून हे त्यांच्याकडेच वाढले." मग तिने शेजारी बोट दाखवलं. "आणि हे तुम्ही."

सुधीररावांनी निरखून पाहिलं. कचेरीच्या निरोप समारंभाचा फोटो होता, मध्ये ते स्वतः, गुच्छ धरून, आणि कडेला सहदेव. काचेवर उदबत्तीच्या धुराचा पिवळा डाग धरलेला.

"सकाळची उदबत्ती दोघांना फिरते," नंदा सहज म्हणाली.

सुधीररावांनी कपबशी खाली ठेवली. "वहिनी, मास्तर मला रागावत का नाहीत?"

नंदा हसायलाच लागली. "तुम्हाला? अहो साहेब, तुम्ही नोकरी वाचवलीत त्यांची. त्या किल्लीच्या वेळी. दुसरा कोणी असता तर हाकलून मोकळा झाला असता. तुम्ही त्या हेडऑफिसला किती खेपा घातल्यात, आम्हाला माहीत नाही काय?"

"हो, पण…"

"तीन महिने निलंबन. रोज जाऊन सही करायची आणि शहर सोडायचं नाही, असा नियम. नेमके तेव्हाच भिवाबुवा आजारी पडले. गावाहून दोनदा निरोप आला, सहदेवाक बघूचा हा म्हणून. मी म्हटलं, साहेबांना विचारा, परवानगी देतील. तर हे म्हणाले, माझ्या चुकीपायी साहेब आधीच धावतायत, अजून कुठे त्यांना अडचणीत घालू?" तिने फोटोकडे पाहिलं. "बाविसाव्या दिवशी बुवा गेले. हे नव्हते. चहा घ्या ना, गार होतोय."

जिन्यात कॅन आपटल्याचा आवाज आला. मास्तर घामाघूम दारात. "साहेब! तुम्ही कशाला चार मजले? बोलावलं असतं तर मी आलो नसतो काय?"

सुधीरराव उठले. "सहज आलेलो. येतो," एवढंच म्हणाले आणि खाली उतरले.

आता त्या किल्लीचं सांगायला हवं. सुधीरराव ते विसरले नव्हते, पण आठवतही नव्हते. घरातल्या माळ्यावरच्या ट्रंकेसारखं, आहे ते माहीत, वर चढून बघत मात्र कुणी नाही.

नव्याण्णव सालची गोष्ट. सहदेव रीतसर रजा घेऊन गावच्या सप्ताहाला निघाला होता. जाताना दप्तरखोलीची किल्ली द्यायला केबिनमध्ये आला. साहेब फोनवर होते. त्यांनी मान हलवून किल्ली घेतली आणि बोलता बोलता समोरच्या चष्म्याच्या डबीत टाकली. त्याच दिवशी संध्याकाळी नवा चष्मा आला, जुनी डबी खणात गेली. सोमवारी अचानक तपासणी आली. दप्तरखोलीला कुलूप, किल्ली नाही, वरचे अधिकारी चारचौघांत लाल. सुधीररावांनी सांगून टाकलं, की शिपाई किल्ली न देता गावाला गेला. त्यांना तसंच वाटत होतं. तसंच लिहूनही दिलं.

चार दिवसांनी जुनी डबी उघडली, तर आत किल्ली.

बढतीची यादी त्याच महिन्यात लागायची होती. सुधीररावांनी किल्ली कपाटामागच्या खिळ्याला अडकवली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत स्वतःच शोधून काढली. सहदेव परत आल्यावर म्हणाला, "साहेब, मला तर वाटलेलं मी तुमच्या हातात दिली." सुधीरराव म्हणाले, "नाही रे." सहदेवने क्षणभर विचार केला. "मग माझंच चुकलं असणार," म्हणाला. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा साहेबांच्या शब्दावर त्याचा विश्वास जास्त. पुढे हेडऑफिसच्या खेपा घातल्या त्या सुधीररावांनी मनापासून घातल्या, त्यात खोट नव्हती. पण लोक 'साहेब असावा तर असा' म्हणाले, तेव्हा त्यांनी ते ऐकून घेतलं.

हे सगळं त्यांनी पंचवीस वर्षांत पहिल्यांदा, त्या दुपारी, हेमाताईंना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. हात थांबला नाही, पण पालकाची देठं पानांच्या ढिगात पडायला लागली.

मग म्हणाल्या, "क्लास सोडून द्या. तब्येतीचं कारण सांगा. तसंही तुम्हाला येत नाही."

"सांगितलं तर तो मला दारात उभा करणार नाही."

"नाहीच करणार. मीही नसता केला."

"आणि नाही सांगितलं तर छान म्हणत राहील. मरेपर्यंत छान म्हणेल गं तो मला, हेमा. उदबत्ती ओवाळतात माझ्या फोटोला."

हेमाताईंनी पालकाची ताटली बाजूला सारली. "मग रविवारी रिकाम्यापोटी जाऊ नका. गोळी घेऊन जा."

रविवारी सुधीरराव तासभर आधी पोचले. मास्तर एकटेच होते, परातीत कणीक मळत. साहेबांना बघून उठायला लागले, तर सुधीरराव समोर सतरंजीवर बसले आणि एका दमात सगळं सांगून मोकळे झाले. डबी, खिळा, बढती, सगळं. 'माफ कर' मात्र म्हणाले नाहीत. ते म्हणायचा हक्क आपल्याला नाही, असं त्यांना वाटलं.

मास्तरांचे हात कणकेत होते, ते तसेच राहिले.

"चष्म्याच्या डबीत?" त्यांनी विचारलं.

"हो."

"काळी डबी. तुमच्या डाव्या हाताला होती. तुम्ही बोलत होतात फोनवर, कोणातरी जोशींशी." मास्तर जणू स्वतःशीच बोलत होते. "मला दिसत होतं सगळं. पंचवीस वर्षं दिसतंय. मला वाटायचं, मला भास होतो."

सुधीररावांनी मान खाली घातली.

"शेवटपर्यंत बुवा दाराकडे तोंड करून झोपले होते, असं भावाने सांगितलं," मास्तर म्हणाले. मग हातावरची कणीक हळूहळू सोलून काढली. आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं. "आज तुम्ही जा."

'साहेब' नाही म्हणाले. सुधीरराव गेले.

पुढच्या रविवारी ते पुन्हा आले. आत जायची हिंमत नव्हती. दाराबाहेर चपलांचं लाकडी कपाट होतं, त्याच्या बाजूला पायरीवर बसले. मास्तर आले, त्यांच्याकडे नजरही न टाकता आत गेले. दोन तास क्लास चालला, सुधीररावांनी ऐकला आणि घरी गेले. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. संदेशने हळूच विचारलं, "साहेब, काय झालंय? आत या ना." त्यांनी मान हलवली. सान्वीने येऊन बिस्किट दिलं, ते खाल्लं. हेमाताई घरी काही विचारायच्या नाहीत, फक्त निघताना पाण्याची बाटली हातात द्यायच्या.

चौथ्या रविवारी आत मारुतीबुवा आले होते. तोच गुरुपौर्णिमेचा अभंग लागला, ठेका संदेशकडे. बाहेर पायरीवर सुधीररावांचे डोळे मिटले. उजवा हात आपसूक शेजारच्या कपाटाच्या फळीवर गेला आणि बोटं वाजवायला लागली. फळी पोकळ होती, बोलकी होती. पहिलं आवर्तन बरं गेलं. दुसऱ्यात बोटं निसटली. तिसऱ्यात त्यांनी धूम ठोकली, चपलांच्या जोडांसकट कपाट थडथडायला लागलं, आणि आत संदेशचा ठेका त्याला अडखळून पडला.

"थांबा!"

मास्तरांनी हात वर केला. मग तो आवाज उठला, जो ऐकायला माणसं भाजीच्या पिशव्या घेऊन थांबत.

"भायर कोण तो? मेल्या, खंय धावतंस? गाडी सुटता काय तुझी? दीड वरसा शिकवतंय, दीड वरसा! तिसऱ्या मात्रेर अंगठो उचलतंस कित्याक? कोणी सांगलान तुका?"

सुधीरराव उठून उभे राहिले. दारात मास्तर. चेहरा तांबडा, मानेची शीर उभी.

"मास्तर, मी…"

"तोंडान नको बोलू! हातान बोल! भितुर ये!"

सुधीरराव आत गेले. पखवाज पुढे आला, पण लोड आला नाही. पुढचा पाऊण तास त्या हॉलमध्ये अडुसष्ट वर्षांच्या एका निवृत्त अधिकाऱ्याची जी काय सालटी निघाली, त्यांना तोड नाही. अंगठा, मनगट, खांदा, बसणं, श्वास, काही म्हणून सुटलं नाही. 'धा' एवढा एकच बोल त्यांनी शंभरदा मारला. शंभरापैकी एकदा, एकदाच, तो बरोबर लागला आणि ती कचेरीतली थरथर त्यांच्या स्वतःच्या हाताखाली उमटली. मास्तर त्यावर काहीच बोलले नाहीत. ओरडलेही नाहीत. सुधीररावांना कळलं, की हे खरं 'छान'.

सगळे गेल्यावर दोघंच उरले. मास्तरांचा आवाज बसला होता. ते इकडच्या मराठीवर परत आले होते, पण जरा अडखळत.

"किल्लीचा राग गेलेला नाही," ते म्हणाले. "खोटं कशाला सांगू? फोटो मी काढून ठेवलाय. नंदा रडली."

"बरोबर केलंत."

"पण तुम्ही बाहेर बसून लयीचा जीव घ्यायला लागलात ना, तेव्हा तो राग मला आठवेचना. बुवांनी मला एकच शिकवलेलं. कानावर चुकीचं पडलं, की आधी ते सरळ करायचं. बाकीचं मग." त्यांनी पखवाजाला गवसणी घालायला घेतली, नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. "मार्गशीर्षात बुवांची पुण्यतिथी असते. गावाला, त्यांच्याच पडवीत. आम्ही सगळे वाजवतो. सुधीरराव, तुम्ही या."

ते 'सुधीरराव' ऐकून त्यांनी वर पाहिलं.

"आणि किल्लीचं तिथे सांगा. बुवांच्या पुढ्यात, तुमच्या तोंडाने. सहदेव का आला नाही ते. मी सांगून उपयोग नाही. मी तर त्यांना सांगितलंय, की माझंच चुकलं."

सुधीरराव उठले. ते वाकले, आणि या वेळी मास्तरांनी पाय मागे घेतले नाहीत.

"येतो," ते म्हणाले. "सांगतो."

"नुसतं येतो म्हणू नका. चार महिने हातात आहेत, तोवर तो अंगठा जाग्यावर आला पाहिजे." मास्तरांनी पखवाज खांद्याला लावला. "बुवा माझ्यासारखे मवाळ नव्हते."